आत्याचा डाव आणि पन्नाशीपुढचा गट

जुलैत लोणावळ्याला होस्टेलची लाइट गेली की काय करायचं, हे नव्या मुलींनाही सांगावं लागत नाही. कॅरमबोर्ड दमट होऊन सोंगट्या सरकत नाहीत, मग मेणबत्तीपाशी बुद्धिबळाचा पट मांडायचा. आमच्या फ्लोअरची चॅम्पियन मीच! (मराठी कॉन्व्हेंटचं आहे, चुका पोटात घाला.) पण लोकलने तळेगावला आत्याकडे गेले की २५व्या चालीपर्यंत माझा वजीर गेलेलाच असतो. आत्या ५८ वर्षांची. कॉलेजात खेळायची, लग्नानंतर पट माळ्यावर गेला. स्पर्धेत का उतरत नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "अगं, माझ्या वयाच्या बायका कुठे खेळतात?"

खेळतात ना, जागतिक स्पर्धेत खेळतात! फिडे ही बुद्धिबळाची जागतिक संघटना. ज्येष्ठांची जागतिक स्पर्धा १९९१ पासून आहे. सुरुवातीला पुरुषांना साठीची आणि बायकांना पन्नाशीची अट होती. २०१४ पासून सगळ्यांसाठी ५०+ आणि ६५+ असे गट झाले, दोन्हीत महिलांचं विजेतेपद वेगळं. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वय भरलं की पुरे. ११ फेऱ्या असतात, स्विस पद्धतीने. म्हणजे हरलं म्हणून कुणी बाहेर जात नाही. पुढच्या फेरीत साधारण तुमच्याइतकेच गुण असलेली प्रतिस्पर्धी समोर येते. खूप वर्षांनी परतणाऱ्या बाईला हे फार सोयीचं. पहिला डाव गेला तरी दहा शिल्लक. नाव मात्र आपल्या देशाच्या संघटनेमार्फत द्यावं लागतं.

जॉर्जियाच्या नोना गाप्रिंदाश्विली १९६२ ते १९७८ महिला जगज्जेत्या होत्या. २०२२ मध्ये इटलीतल्या असिसी गावी त्यांनी ६५+ गटात महिलांचं विजेतेपद जिंकलं, तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. आत्याला हे सांगितलं तर तिने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

आपल्याकडे महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ ला झाली आणि ती मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली. मग धाकट्या बहिणी जयश्री आणि रोहिणी. १९७६ मध्ये १३ वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली तर केवढा गदारोळ! प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी बायकांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही, असा निर्णय दिला. आत्या तेव्हा नऊ वर्षांची. आजोबांनी त्याच वर्षी तिला पट आणून दिला होता. त्यानंतर भाग्यश्री साठे-ठिपसे आणि अनुपमा गोखले आल्या, दोघींना पद्मश्री मिळाली. ही सगळी पिढी आता पन्नाशीपुढची आहे. म्हणजे आत्याच्या वयाच्या खेळाडू नाहीत असं नाही, आत्यासारख्या कितीजणींचे पट माळ्यावर आहेत हा प्रश्न आहे.

मग बायकांचा गट वेगळा कशाला, रोहिणीताई तर पुरुषांत खेळल्या, असं आमच्या रूमवर भांडण झालं. मला वाटतं दोन्ही दारं उघडी हवीत. ज्या वयात मुलगे स्पर्धांना गावोगाव फिरत होते त्या वयात आत्या डबे भरत होती, त्याचा हिशोब कुठेतरी धरायला नको?

जागतिक स्पर्धा लांबची गोष्ट. आधी जवळपासची एखादी खुली स्पर्धा खेळू, असं ठरलंय. गेल्या रविवारी आत्याने माळ्यावरून जुना पट काढला. एक काळा घोडा हरवलाय, त्याच्या जागी सध्या बाटलीचं झाकण आहे. फॉर्म मी भरलाय, सही अजून बाकी आहे.