जगऱ्यातील रोडगा

भाकरी तव्यावर भाजतात, पाव भट्टीत भाजतात, हे तुम्ही जाणताच. परंतु तवा नाही, भट्टी नाही, खाली भांडेही नाही, आणि तरी मुठीएवढा कणकेचा गोळा थेट आतपर्यंत भाजून निघतो, असा एक पदार्थ आपल्या वऱ्हाडात आवडीने केला जातो. त्याचे नाव रोडगा.

भातकुली हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. पूर्णेच्या खोऱ्यातील हा मुलूख सपाट आणि काळ्या मातीचा. येथे दाट रान नाही. म्हणून सरपणाला लाकूड थोडे आणि तुराट्या, पऱ्हाट्या व शेणाच्या गोवऱ्याच अधिक. तुराट्या आणि पऱ्हाट्या भडकन पेटतात व तितक्याच लवकर विझतात. गोवरीचे तसे नाही. ती सावकाश पेटते आणि पुष्कळ वेळ धुमसत राहते. रोडग्याला असाच विस्तव लागतो. गोवऱ्या रचून केलेल्या या विस्तवास वऱ्हाडात जगरा म्हणतात.

रोडगा हा शब्द जुना आहे. संत एकनाथांच्या एका भारुडात भवानीला रोडग्याचा नवस बोललेला आहे. म्हणजे सोळाव्या शतकातही मराठी माणसाला तो ठाऊक होता. आजही नवस फेडताना किंवा सुगी आटोपल्यावर मारुतीच्या पारापाशी रोडग्यांची पंगत बसते.

रोडग्यासाठी गहू जाडसर दळतात. त्या पिठात मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून ते घट्ट भिजवितात. मग लहान लहान पाऱ्या लाटून, प्रत्येकीला तेल लावून, तीन-चार पाऱ्या एकावर एक ठेवतात आणि सर्वांना एका मोठ्या पारीत गुंडाळून गोळा वळतात. तेलामुळे पदर एकमेकांस चिकटत नाहीत. भाजलेला रोडगा फोडला म्हणजे हे पदर सुटे होतात आणि त्यांत तूप मुरते.

इथपर्यंतचे काम कोणासही शिकता येईल. खरी परीक्षा भाजण्यात आहे. मी तुमच्याएवढा असतानाची गोष्ट सांगतो. आमच्या शेतावर रोडग्यांचा बेत होता. पन्नासएक माणसे येणार होती आणि ऊन चढू लागले होते. जगरा अजून ज्वाळांनी पेटलेला असतानाच काकांनी रोडगे त्यात टाकण्यास आरंभ केला. आजी ओरडली, "काय घाई झाली रे तुले? जायावर नोको टाकू, आर तं पडू दे!" जाय म्हणजे जाळ, आणि आर म्हणजे लाल निखारे. काकांनी ऐकले नाही. थोड्याच वेळात रोडगे काळे पडले. आता झाले, असे समजून एक फोडून पाहिला, तो आत कणीक ओलीच! पंगत बसलेली, पाने मांडलेली, आणि वाढण्यास काही नाही. आजीने उरलेले रोडगे बाजूच्या गरम राखेत पुरले. तासाभराने ते आतून भाजले खरे. पण वरचे कवच कडूच राहिले. काकांनी त्या दिवशी मान वर करून कोणाकडे पाहिले नाही.

आजीला जे अनुभवाने कळले होते, त्याचे कारण असे आहे. कणकेतून उष्णता फार हळू आत जाते. आतल्या भागात पाणी असते, आणि ते असेपर्यंत तेथील उष्णतामान १०० अंश सेल्सिअसच्या वर सहसा चढत नाही. गव्हातील पिष्ठ शिजण्यास ६० ते ६५ अंश पुरेसे असतात. पण तेवढी ऊब मध्यापर्यंत पोचण्यास वेळ द्यावा लागतो. बाहेरचे कवच मात्र लवकर कोरडे होते. ते सुमारे १४० अंशांपलीकडे तांबूस व खमंग होते, आणि ज्वाळेचा जाळ तर याहून कितीतरी अधिक असतो. म्हणून जाळावर कवच जळते आणि गाभा कच्चा राहतो. राखेचे काम गोधडीसारखे आहे. तिच्या बारीक कणांमध्ये हवा कोंडलेली असते. त्यामुळे निखाऱ्यांची ऊब बाहेर निसटत नाही आणि बाहेरची हवा आत फारशी न गेल्याने निखारेही हळू जळतात. उष्णता सर्व बाजूंनी सारखी मिळते.

ही युक्ती केवळ आपलीच आहे असे मात्र समजू नका. राजस्थानातील बाटी आणि बिहारातील लिट्टी ही रोडग्याची भावंडेच होत. विदर्भातील पानगे पळसाच्या पानांत ठेवून भाजतात. दूर पूर्वेस, समुद्रापलीकडे, फिलिपीन्स देशात नाताळच्या दिवसांत बिबिंका नावाचा तांदळाच्या पिठाचा व नारळाच्या दुधाचा गोड पदार्थ करतात. मातीच्या भांड्यात केळीचे पान अंथरून त्यात पीठ ओततात आणि खाली निखारे व वर झाकणावरही निखारे ठेवतात. त्या घरच्या आजीलाही निखारे किती व केव्हा, हे पारखावेच लागत असेल.

रोडग्याबरोबर वांग्याची भाजी आणि तुरीचे वरण हवेच. पण आमच्या भागात वरणाचीही एक अडचण असे. भातकुलीचा परिसर खारपाणपट्ट्यात मोडतो. विहिरींचे पाणी खारट. पाण्यात चुन्यासारखे क्षार अधिक असले म्हणजे डाळीच्या पेशींना जोडणारा पदार्थ घट्ट होतो आणि डाळ कितीही उकळली तरी नीट शिजत नाही. यासाठी पंगतीच्या आदल्या दिवशी गोड्या पाण्याची पिंपे बैलगाडीतून आणावी लागत. ते पाणी वरणासाठी राखून ठेवलेले असे. हात धुण्यास कोणी ते घेतले, तर आजीचा आवाज पारापर्यंत ऐकू येई.

रोडगे झाले की ते राखेतून काढून जाड फडक्याने झटकतात. झालेला रोडगा बोटाने ठोकला तर पोकळ आवाज येतो. मग तो हातांनी फोडून ताटात चुरतात, वर तूप आणि गरम वरण ओततात. पहिला रोडगा मारुतीपुढे ठेवायचा. दुसरा जगऱ्यापाशी बसून डोळे लाल झालेल्या माणसाच्या ताटात.