दाताचे कवच

मुलांनो, मोडलेले हाड पुन्हा जुळते. जखमेवर नवी कातडी येते. पण दाताचे पांढरे कवच एकदा गेले, की पुन्हा येत नाही. असे का? ते कवच तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात.

या कवचाला एनॅमल म्हणतात. त्याचा सुमारे 96 टक्के भाग खनिजाचा असतो. आपण गोड खातो, तेव्हा तोंडातील जिवाणू आम्ल तयार करतात. आम्लाने खनिज विरघळते व दातावर पांढरा डाग पडतो. ही किडीची सुरुवात होय.

मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर. दातातील खनिजाचे काही नॅनोमीटर जाडीचे कण शास्त्रज्ञ तयार करतात. असे कण टूथपेस्टमध्ये घातले, की ते डागाच्या बारीक छिद्रांत बसतात आणि कवच पुन्हा टणक होऊ लागते. झिजलेले जबड्याचे हाड भरून काढण्यासाठीही दंतवैद्य हे कण वापरतात.

मात्र दाताला खड्डा पडल्यावर टूथपेस्टचा उपयोग नाही. म्हणून दात दुखण्याची वाट पाहू नका. डाग दिसताच दंतवैद्याकडे जा. अहिल्यानगर जिल्ह्यात तर लोणीसारख्या गावातही दंत महाविद्यालय आहे.