ढगांआडचा सह्याद्रि

आषाढांतील मेघ दिसूं लागले कीं आपल्या भंडारा जिल्ह्यांतील शेतकरी आनंदित होतो. कारण भाताची रोवणी त्यांच्यावरच अवलंबून असते. परंतु जे मेघ आपणांस अन्नदाते, तेच सह्याद्रीवर आकाशमार्गानें जाणाऱ्यांस काळरूप कसे होतात, हें समजून घेण्यासारखें आहे.

ता. ७ जुलै १९६२ रोजीं, मध्यरात्रीच्या सुमारास, अलितालिया या इटालियन कंपनीचें डी. सी. ८ जातीचें प्रवासी विमान मुंबईस उतरण्याच्या बेतांत होतें. सिडनीहून निघून तें रोमकडे चाललें होतें. मुंबई अद्याप सुमारें ५० मैल दूर असतांनाच तें जुन्नरनजीकच्या एका डोंगरावर, सुमारें ३६०० फूट उंचीवर, आदळलें. आंतील ९४ माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं.

अरबी समुद्रावरून येणारा दमट वारा सह्याद्रीस अडतो व वर चढूं लागतो. वरती हवेचा दाब कमी असल्यामुळें ती हवा प्रसरण पावून थंड होते, आणि तींतील बाष्पाचे सूक्ष्म जलबिंदु बनतात. म्हणून पावसाळ्यांत हे मेघ आकाशांत दूर न राहतां डोंगरमाथ्यांसच गुरफटून बसतात. त्यांत रात्र असली, म्हणजे विमानचालकास समोरचें शिखर दिसणें अशक्यच.

मग त्याचीं यंत्रें काय करतात? त्या काळचें उंचीमापक यंत्र हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवीत असे. खालीं दरी आहे कीं शिखर, हें तें सांगत नसे. अर्थात् आपण नेमके कोठें आहों, हें ज्यास ठाऊक, त्यासच त्या आंकड्याचा उपयोग. चौकशींत हेंच निष्पन्न झालें. विमान मुंबईच्या जितकें जवळ आलें आहे असें चालकास वाटलें, तितकें तें आलेलें नव्हतें. आणि त्या समजुतीनें तो वेळेपूर्वींच खालीं उतरूं लागला होता.

पुढें ता. ४ ऑगस्ट १९७९ रोजीं इंडियन एअरलाइन्सचें पुण्याहून मुंबईस जाणारें विमान खराब हवेंत पनवेलनजीकच्या डोंगरास धडकून ४५ जीव गेले.

आतां मोठ्या प्रवासी विमानांत जमीन जवळ येतांच मोठ्यानें इशारा देणारें यंत्र असतें, व त्यांत डोंगरदऱ्यांचा नकाशाही सांठविलेला असतो. तथापि इशारा ऐकून तत्काळ वर वळणें हें अखेर मनुष्याच्याच हातीं आहे.

मेघांस दोष देणें व्यर्थ होय. ते आपल्या नियमानेंच वागतात. जेथें दृष्टि चालत नाहीं, तेथें अदमासावर पाऊल न टाकतां प्रथम आपलें स्थान निश्चित करावें, हाच धडा या अपघातांपासून घ्यावयाचा आहे; आणि तो केवळ विमानचालकांपुरताच नाहीं.