दप्तर बदलतें तेव्हां जबाबदारी कोणाची?

लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या वाटेवरील ढोकी हें धाराशिव जिल्ह्यांतील एक मोठें गांव. बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांनीं तें एके काळीं लातूर व मिरज या पेठांशीं जोडलें गेलें होतें. पुढें तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्यामुळें त्याचें नांव मराठवाडाभर झालें. हाच कारखाना नंतर कर्जाच्या ओझ्याखालीं कित्येक वर्षें बंद राहिला व अखेर भाडेपट्ट्यानें चालविण्यास देण्यांत आला. सहकारी संस्थेचें देणें-घेणें ही घरोघरची चिंता कशी होते, हें या भागास नव्यानें सांगावयास नको.

शहरांतील सुशिक्षित गृहस्थास बँक म्हणजे काय तें ठाऊक असतें; विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी म्हणजे काय, हें मात्र पुष्कळदां सांगावें लागतें. गांवच्या शेतकऱ्यांनींच भागभांडवल घालून उभारलेली ही संस्था होय. वर राज्य सहकारी बँक, मध्यें जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि खालीं ही सोसायटी, अशी कर्जाची तीन पायऱ्यांची उतरण आहे. खरिपाचें पीककर्ज याच वाटेनें शेतकऱ्याच्या हातीं येतें, आणि फेडही याच वाटेनें वर जाते. ब्रिटिश हिंदुस्थानांत या व्यवस्थेस १९०४ च्या कायद्यानें आरंभ झाला. तेव्हांपासून शतकभर, आणि बहुतेक गांवीं त्यानंतरही, सोसायटीचें दप्तर कागदावरच राहिलें: रोजकीर्द, खतावणी, सभासदांचें रजिस्टर, कर्जरोखे, आणि वर्षाअखेरची तेरीज व ताळेबंद.

हें दप्तर संगणकावर नेण्याची योजना केंद्रीय मंत्रिमंडळानें २९ जून २०२२ रोजीं मंजूर केली. आरंभीं ६३,००० संस्था व २,५१६ कोटी रुपये असा तिचा आवांका होता. पुढें संस्थांची संख्या ७९,६३० वर आणि खर्च २,९२५.३९ कोटींवर नेण्यांत आला. महाराष्ट्राच्या वाट्यास सुमारें बारा हजार संस्था आल्या. साऱ्या देशाला मिळून सॉफ्टवेअर मात्र एकच. व्यापारी जगांत या जातीच्या सॉफ्टवेअरला ई. आर. पी. म्हणतात. नांव बोजड आहे, कल्पना सोपी आहे. एखाद्या सभासदानें खताच्या दहा गोण्या उधारीवर नेल्या, तर कागदी दप्तरांत ही गोष्ट निदान तीन ठिकाणीं लिहावी लागे: गुदामाच्या साठ्यांत, विक्रीच्या वहींत आणि सभासदाच्या खात्यांत. तींपैकीं एक नोंद राहून गेली कीं वर्षाअखेर मेळ बसत नसे. नव्या पद्धतींत नोंद एकदांच होते व ती सर्व वह्यांत आपोआप जाऊन बसते. सोय मोठी खरी. परंतु चूकही त्याच सोयीनें सर्व वह्यांत जाऊन बसते.

आतां या कामास हात किती लागतात तें पाहण्यासारखें आहे. धोरण व पैशाचा मोठा वाटा केंद्राचा. उरलेल्या पैशांपैकीं बराचसा राज्याचा. योजनेची अंमलबजावणी नाबार्डकडे. सॉफ्टवेअर तयार करणारी कंपनी एक. राज्यानें निविदा काढून नेमलेली, यंत्रें बसविणारी, जुनी माहिती भरणारी व शिकवणी देणारी कंपनी दुसरी. जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती, मध्यवर्ती बँक, सहाय्यक निबंधक व लेखापरीक्षक. आणि सर्वांच्या शेवटीं, गांवांत, सोसायटीचा चेअरमन, तिचें संचालक मंडळ व तिचा सचिव. इतके खांदे लागल्यावर पालखी सुखरूप पोंचावी असें वाटतें. अनुभव असा आहे कीं अशा वेळींच बारभाईंची खेती होते, कारण प्रत्येक जण आपला खांदा दुसऱ्याच्या भरंवशावर सैल सोडतो.

मोठ्या व्यापारी पेढ्यांनीं यावर एक साधा उपाय योजिला आहे. कामांची यादी करून प्रत्येक कामापुढें चार रकाने आंखतात: तें करणार कोण, त्याबद्दल उत्तर देणार कोण, सल्ला कोणाचा घ्यावयाचा, आणि झाल्यावर कळवावयाचें कोणास. पहिल्या रकान्यांत दहा नांवें आलीं तरी चालतें. दुसऱ्यांत एकच यावें, असा दंडक आहे. काम करणारा आणि कामाबद्दल उत्तर देणारा हे दोन वेगळे मनुष्य असूं शकतात, ही गोष्ट घरांतही सर्वांच्या परिचयाची आहे: दळण गड्यानें आणलें तरी पीठ कमी भरल्याचा जाब गृहिणी गड्यास विचारते आणि घर गृहिणीस विचारतें. दप्तर बदलण्याच्या कामांत नेमका हाच भेद विसरला जातो.

एक उदाहरण घ्यावें. एका सभासदानें ऐंशीं हजारांचें पीककर्ज मुदतीच्या शेवटल्या आठवड्यांत फेडलें. पावती फाडली गेली. खतावणींत नोंद व्हावयाची राहिली. महिन्याभरानें कंपनीचा मुलगा संगणकावर माहिती भरावयास बसला. त्याच्यापुढें खतावणी होती. तींत जें होतें तें त्यानें बिनचूक भरलें. यंत्रानें त्यावर बिनचूक व्याज चढविलें. महाराष्ट्रांत मुदतींत फेड करणाऱ्यास तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज केंद्राच्या व राज्याच्या सवलती मिळून शून्य टक्क्यानें पडतें. मुदत चुकली कीं सवलत जाते. म्हणजे ज्यानें पैसे वेळेवर आणून दिले, तोच मनुष्य दुसऱ्या दिवसापासून थकबाकीदार ठरला. सवलत गेली, आणि पेरणीच्या तोंडावर नव्या कर्जाची वाटही अडली. तो विचारीत फिरूं लागला, तर भरणारा म्हणतो, जें दिलें तें भरलें. सॉफ्टवेअरची कंपनी म्हणते, गणित चुकलेलें नाहीं. सचिव म्हणतो, त्या दिवशीं दुसऱ्या गांवीं होतों. संचालक म्हणतात, संगणकानेंच तसें दाखविलें. यांतील कोणीही खोटें बोलत नाहीं!

अशा प्रसंगीं उत्तर देण्याचें काम सोसायटीचेंच आहे, आणि तें कोणत्याही कंपनीकडे सोंपवितां येत नाहीं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वयें संस्थेचें व्यवस्थापन तिच्या समितीकडे असतें. यंत्र नवें आलें म्हणून ती जबाबदारी हलत नाहीं. आरंभीच्या शिलका, म्हणजे ज्या आंकड्यांवरून नवें दप्तर सुरू व्हावयाचें ते आंकडे, ही सोसायटीची वस्तु आहे. ते कोणत्या तारखेचे, तेरीज जुळली कीं नाहीं, पावतीपुस्तकें खतावणीशीं ताडून पाहिलीं कीं नाहीं, हें माहिती भरण्यापूर्वीं ठरलें पाहिजे, लेखापरीक्षकानें तें तपासलें पाहिजे, आणि खालीं चेअरमन व सचिव यांच्या सह्या पाहिजेत. सातबाऱ्याचें जसें चावडीवाचन होतें, तसें प्रत्येक सभासदाच्या येणें-देण्याचें एकदां वाचन झालें तर वरच्या उदाहरणांतील शेतकरी तेथल्या तेथें उठून उभा राहील व खिशांतील पावती दाखवील. या उपायास खर्च एका सायंकाळचा आहे.

याहून अवघड प्रकरण अनिष्ट तफावतीचें. सोसायटीनें बँकेस द्यावयाची रक्कम आणि सभासदांकडून सोसायटीस येणें असलेली रक्कम यांत जो फरक पडतो, सभासदांकडील येणें कमी व बँकेचें देणें अधिक, त्यास सहकाराच्या भाषेंत हें नांव आहे. कागदी दप्तरांत तो वर्षानुवर्षें झांकून राहूं शकतो. संगणकावर दोन्ही बाजू समोरासमोर येतात आणि मेळ बसत नाहीं. अशा वेळीं मोह होतो कीं फरकाची रक्कम उचंत खात्यांत टाकून पुढें जावें. भरणाऱ्या कंपनीस काम संपल्याचा दाखला हवा असतो, जिल्ह्यास अहवालांतील आंकडा वाढलेला हवा असतो. तफावत कां पडली हें शोधणें हें ना कंपनीचें काम, ना यंत्राचें. तें सोसायटी, बँकेचा तपासनीस व निबंधकांचें कार्यालय यांनीं एकत्र बसून करावयाचें आहे, आणि त्यासाठीं लागणारा वेळ योजनेच्या वेळापत्रकांत धरलेला असावा लागतो.

या सर्वांत सचिवाची स्थिति मोठी चमत्कारिक असते. पुष्कळ ठिकाणीं एका गटसचिवाकडे दोन-तीन गांवांच्या सोसायट्या असतात. जुनें दप्तर त्यानेंच लिहावयाचें, नवें त्यानेंच शिकावयाचें, आणि कांहीं काळ दोन्ही बरोबर चालवून रोज संध्याकाळीं ताळा पाहावयाचा. वीज गेली, जाळें तुटलें, तरी बोल त्यालाच. अशा मनुष्यास तीन दिवसांची शिकवणी देऊन ‘प्रशिक्षित’ म्हणणें हा कागदावरचा हिशेब झाला. शिकवणारा पहिल्या वर्षअखेरीच्या वेळीं त्याच्या शेजारीं बसलेला असावा. गरज तेव्हां पडते.

सॉफ्टवेअर करणाऱ्यांची जबाबदारी लहान नाहीं, पण ती वेगळी आहे. व्याजाचा नियम ठरवून देणें सरकारचें व बँकेचें. तो नियम यंत्रांत चोख उतरविणें त्यांचें. मराठींत पावती निघते कीं नाहीं, सचिवास चुकीची नोंद उलटवितां येते कीं नाहीं, व उलटविल्याची खूण मागें राहते कीं नाहीं, हेंही त्यांचेंच. मात्र प्रत्येक गांवानें ‘आमच्याकडे असेंच चालत आलें आहे’ म्हणून यंत्र वाकवून मागितलें, तर त्यास आवर घालणारा कोणी तरी हवा. इंग्लंडांतील बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेनें एप्रिल २०२२ मध्यें नवी हिशेब-प्रणाली सुरू केली, तेव्हां आपली रीत बदलण्याऐवजीं प्रणालीच आपल्या रीतीप्रमाणें फिरवून घेतली. बँकेंतील आणि वहींतील आंकड्यांचा मेळ घालणें तेथें मोठें संकट होऊन बसलें, आणि खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाला. श्रीमंत नगरीची ही कथा. सोसायटीच्या तिजोरींत इतकी सोसणूक नसते.

मग काम पुरें झालें हें ठरवावयाचें कोणीं? ढोकीपासून जवळच तेर आहे, गोरोबाकाकांचें गांव. संतांच्या मेळ्यांत कोणतें मडकें कच्चें हें पाहण्यासाठीं त्यांनीं थापटणें हातीं घेतल्याची कथा महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. कथेंतील मर्म असें कीं पारख मडकें घडविणाऱ्या जातीच्या, पण या मडक्यांशीं ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाहीं अशा माणसानें केली. ज्या कंपनीचें बिल अडलेलें आहे तिनेंच आपलें काम पक्कें झाल्याचा दाखला देऊं नये. सचिवानें स्वतः कर्ज-वाटप, वसुली, खतविक्री, व्याज-आकारणी असे व्यवहार करून पाहावे, लेखापरीक्षकानें ते ताडावे, आणि सही त्यांची असावी.

तारखेचा निर्णयही असाच. १९९९ सालीं अमेरिकेंतील हर्शी या चॉकलेट कंपनीनें चार वर्षांचें काम अडीच वर्षांत उरकावयाचें ठरवून तीन प्रणाली एकदम जुलै महिन्यांत चालू केल्या. तिकडील हॅलोवीनच्या सणासाठीं मागण्या येण्याचा हंगाम नेमका तोच. गुदामांत माल भरपूर होता, पण तो दुकानांपर्यंत पोंचेना. दहा कोटी डॉलरांहून अधिक किंमतीच्या मागण्या पुऱ्या करतां आल्या नाहींत. मराठवाड्यांतील सोसायटीचा हॅलोवीन म्हणजे मे-जून. त्या दिवसांत कर्जवाटप चालू असतां दप्तर बदलूं नये, हें सांगावयाचा अधिकार आणि धैर्य सोसायटीच्या चेअरमनास असलें पाहिजे. वरून तारीख आली म्हणून मान डोलावणें सोपें असतें.

दप्तर चालू झाल्यावर कंपन्या निघून जातात व नाबार्डचे अहवाल दुसऱ्या विषयाकडे वळतात. मागें राहतात त्या बारीक गोष्टी. यंत्र बिघडल्यास निरोप कोणास, आणि तो किती दिवसांत येणार? सचिवाची बदली झाल्यास त्याचा सांकेतिक शब्द त्याच दिवशीं कोण बंद करणार, नव्या सचिवाच्या नांवें दुसरा कोण देणार? हें करारांत लिहिलेलें नसेल, तर संचालक मंडळानें तें आपल्या प्रोसिडिंग बुकांत तरी नांवनिशीवार लिहून ठेवावें, आणि पुढच्या वार्षिक सभेंत वाचून दाखवावें.