बाप्पाची गाडी ओढायची कुणी?

मूर्ती कुठल्या कारखान्यातून आणायची, देखावा कसला करायचा, वर्गणीचा आकडा किती धरायचा, यावर लालबाग-परळच्या मंडळांतून आषाढापासून खल चालतो. पण ज्या गाडीवर मूर्ती बसणार ती गाडी ओढणार कोण, हा प्रश्न बहुधा श्रावणातल्या एखाद्या रात्री, सभा उठता उठता, "बघू, कुणाचा तरी ट्रॅक्टर मिळेल" एवढ्या एका वाक्यात निकालात निघतो. त्या वाक्याची खरी किंमत कळते ती अनंत चतुर्दशीला, भरलेली गाडी पुलाच्या उतारावर आली म्हणजे!

वास्तविक हा प्रश्न पूर्वी नव्हताच. १८९३ साली गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत गणपती बसला. तिथली मूर्ती आजही लहानशीच असते आणि पालखीतून जाते. माणसाच्या खांद्याला निराळा ब्रेक लावावा लागत नाही. पुढे चिंचपोकळीचे मंडळ १९२० साली, गणेश गल्लीचे १९२८ साली आणि लालबागच्या राजाचे १९३४ साली निघाले. तरी बरीच वर्षे हातगाडी आणि बैलगाडी यांवर मुंबईचे काम भागत होते. मग १९७७ साली गणेश गल्लीत मूर्तिकार दीनानाथ वेलिंग यांची बावीस फुटी मूर्ती उभी राहिली आणि लोकांच्या माना वर गेल्या त्या गेल्याच. उंची दुप्पट झाली आणि बाकी ठेवण तशीच राहिली, तर पोकळ मूर्तीचे वजनसुद्धा निदान चौपट होते. शिवाय तिला पेलणारी लोखंडी गाडी, सजावट, दिवे आणि विजेचे जनित्र. बैल बिचारे तिथेच थांबले.

ओढण्याचे गणित

हे गणित मुंबईला नवे नाही. ९ मे १८७४ रोजी शहरात ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. उतारूंनी भरलेला डबा एक किंवा दोन घोडे ओढून नेत, कारण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरताना अडथळा अगदी थोडा होतो. १९०५ साली तो कारभार आटोपला तेव्हा कंपनीच्या पागेत १३६० घोडे होते. १९०७ साली विजेची ट्राम आली. म्हणजे ओझे किती आहे यापेक्षा ते कशावरून चालले आहे, याला महत्त्व अधिक.

आपल्या गाडीचेही तसेच. समजा, मूर्तीसकट गाडीचे वजन १० टन आहे. चांगल्या सपाट डांबरी रस्त्यावर, हवा भरलेल्या टायरांवर, ती चालती ठेवायला वजनाच्या शंभराव्या ते पन्नासाव्या हिश्शाइतका जोर पुरतो. म्हणजे १०० ते २०० किलो. दोराला लावलेला धडधाकट माणूस चालता चालता १५ किलोंचा जोर सहज टिकवतो. तेव्हा दहा-पंधरा कार्यकर्त्यांनी हे काम होते! जागची हलवताना जास्त हात लागतात, इतकेच. आगमनाच्या दिवशी पोरे दोरखंडाने एवढी मोठी मूर्ती ओढत नेतात, तो काही चमत्कार नव्हे.

आता हीच गाडी तीस फुटांत एक फूट चढणाऱ्या पुलावर घ्या. चढापायी तिसाव्या हिश्शाचा, म्हणजे सव्वातीनशे किलोंहून जास्त जोर वाढला. पंधरांच्या जागी तीस-पस्तीस माणसे हवीत. आणि मऊ वाळूत? तिथे अडथळा वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतही जातो. म्हणजे दोन हजार किलो. चौपाटीवर महापालिका वाळूत लोखंडी पत्रे अंथरते, ते याच कारणासाठी.

आणि थांबवण्याचे

पण वाचकहो, चढ ही अर्धीच गोष्ट. जो पूल चढवतो तोच उतरवतो, आणि उतारावर ओझे ओढावे लागत नाही, ते आपल्याला ढकलू लागते. वरच्याच गाडीचा अडथळा वजा जाता दीडदोनशे किलोंचा रेटा पुढच्या माणसांच्या पाठीवर येतो. वेग येण्याआधी धरली तर धरली. एकदा सुटली की पंधरा माणसांच्या हातची ती नव्हे.

जुन्या लोकांना हे पक्के ठाऊक होते. जळगावात १८७२ सालापासून कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. दिवाळी सरली की तो दिवस आलाच. तिथे रथ ओढणारे पुष्कळ असतात. पण मान असतो तो चाकाखाली मोगरी लावणाराचा. लाकडाची ती मोगरी ऐन वेळी चाकाखाली घालून रथ थांबवायचा आणि वळवायचाही. ओढणारा चुकला तर रथ जागचा हलत नाही. मोगरीवाला चुकला तर अनर्थ होतो.

ट्रॅक्टर की ट्रक?

ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा. पण त्याचे बहुतेक वजन मागच्या मोठ्या चाकांवर असते, गिअर अतिशय संथ असतात आणि माणसाच्या पावलाने तो तासन्‌तास चालू शकतो. विसर्जनाच्या मिरवणुकीला हा गुण सोन्यासारखा. लालबागचा राजा भारतमातेवरून भायखळा, नागपाडा, दोन टाकी, माधवबाग असा गिरगावला जायला वीस तासांहून अधिक घेतो. अंतर दहा किलोमीटरांच्या आतले. म्हणजे सरासरी वेग ताशी अर्ध्या किलोमीटरचा. अशा चालीत ट्रकचालकाला क्लच अर्धवट दाबून ठेवावा लागतो आणि मध्यरात्रीपर्यंत तो करपतो.

उलट ट्रकचे ब्रेक चारी चाकांना असतात आणि त्याचे स्वतःचे वजनही दांडगे. ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा मागच्या दोनच चाकांना, आणि शेतात झटकन वळता यावे म्हणून डाव्या-उजव्या चाकाचे पायडल वेगवेगळे. रस्त्यावर ते दोन्ही पट्टीने जोडून घ्यायचे असतात. ही पट्टी न जोडता उतारावर एकच पायडल दाबला, तर ट्रॅक्टर एका अंगाला वळतो आणि मागचे १० टन सरळ येत राहतात. आणखी एक गोष्ट: गाडीचा दांडा ट्रॅक्टरला मागच्या आसाहून उंच अडकवला, तर जोर लागताच पुढची चाके उचलली जातात. दांडा खालच्या आकड्यालाच हवा, आणि जोडीला एक साखळी.

मग उतारासाठी ट्रकच बरा, असे म्हणाल तर पूल आडवा येतो. करी रोड आणि चिंचपोकळी या रेल्वेवरच्या जुन्या पुलांबाबत महापालिकेने अलीकडच्या वर्षांत विसर्जनाआधी सूचना काढल्या आहेत: पुलावर एका वेळी १६ टनांहून जास्त भार नको, थांबू नका, नाचू नका. यात माणसेही धरली आहेत. आता बेरीज करा. गाडी १० टन, ट्रॅक्टर २ टन. उरले ४ टन. माणशी ६० किलो धरले तर पासष्टसहासष्ट माणसे झाली की पूल भरला! ट्रॅक्टरऐवजी सहा टनांचा ट्रक जोडला, तर पुलावर ढोलवाल्यालासुद्धा जागा नाही.

घर ओढणारे काय करतात?

विलायतेत लोक सुटीला निघताना मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून नेतात. या घराला कॅराव्हान म्हणतात. आपल्या राज्यानेही २०२१ साली कॅराव्हान पर्यटनाचे धोरण काढले. कॅराव्हान ओढायला मोटार कुठली घ्यावी, यावर तिकडे घरोघरी वाद झडतात. इंग्लंडात नवशिक्याला सांगतात की, भरलेल्या घराचे वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नकोस. हलक्या मोटारीमागे जड घर लावले आणि सामान मागच्या टोकाला भरले, तर घर शेपटीसारखे हेलकावे खाऊ लागते आणि मोटारीलाच फिरवते. म्हणून जड सामान आसाजवळ, तळाशी, आणि थोडा भार आकड्यावर. युरोपात दुसरा नियम असा की, ७५० किलोंवरच्या ओढगाडीला तिचा स्वतःचा ब्रेक असलाच पाहिजे.

आपल्या कोड्याचे उत्तर या दुसऱ्या नियमात आहे. दोन टनांच्या ट्रॅक्टरमागे १० टन लावायचे, तर ८५ टक्क्यांची गोष्ट बोलायलाच नको. आपला वेग मुंगीचा, म्हणून हेलकाव्यांचे भय नाही. पण थांबवण्याचे काम ट्रॅक्टरवर सोपवता येणार नाही. ते गाडीनेच केले पाहिजे. तेव्हा भाड्याने ट्रॅक्टर शोधण्याआधी गाडीच्या चाकांना ब्रेक आहेत का, ते पाहावे. असतील तर ट्रॅक्टर पुरे; नसतील तर बसवून घ्यावेत, आणि तरीही उतारावर मागून धरायला दोरखंड, प्रत्येक चाकाशी लाकडी उटी घेतलेला एक माणूस, आणि हुकूम एकाच्याच शिट्टीचा. चालकाला मागचे काही दिसत नसते. चालकही दोन हवेत. वीस तास एका माणसाचे डोळे उघडे राहत नाहीत.

आणि शेवटचे शंभर पाऊल विसरू नये. ६ सप्टेंबर २०२५ रोजी निघालेला लालबागचा राजा दुसऱ्या दिवशी सकाळी चौपाटीवर पोहोचला. नवा यांत्रिक तराफा सज्ज होता, पण समुद्राला भरती आली, मूर्ती तराफ्यावर घेता येईना, आणि विसर्जन व्हायला रात्रीचे नऊ वाजले. रस्त्यावर यंत्र कितीही चांगले असले, तरी वाळूत ओहोटीची वेळच मालक असते. ती पंचांगाइतकीच निगुतीने आधी पाहून ठेवावी.

दिवाळीनंतर मंडळांचे चिटणीस जमाखर्च मांडायला बसतात. रोषणाई इतकी, बँड इतका, गाडीभाडे इतके. या शेवटच्या ओळीशी जरा थांबावे. गाडी तेव्हा गोदामात रिकामी उभी असते, मिस्त्रीला सवड असते आणि ब्रेक बसवायला दहा महिने हाताशी असतात. श्रावणात ट्रॅक्टरवाला दाराशी येईल तेव्हा "किती ओढतो?" हे त्याला सगळेच विचारतील. आपण आधी "थांबतो कसा?" हे विचारावे, आणि भाडे मग ठरवावे.