प्लॅनर हेडफोनचा आवाज कमी का वाटतो? अ‍ॅम्प आणि डॅक निवडण्यामागचं साधं गणित

काही वर्षांपूर्वी प्लॅनर हेडफोन म्हणजे फक्त हौशी आणि पैसेवाल्या श्रोत्यांची चीज होती. हायफायमॅनच्या एचई४००एसईसारख्या मॉडेल्समुळे आता ते बऱ्याच जणांच्या आवाक्यात आलेत. लोक रिव्ह्यू बघतात, हेडफोन मागवतात, फोनला लावतात. व्हॉल्यूम पूर्ण वाढवला तरी आवाज दबलेलाच वाटतो.

मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, मोठा अ‍ॅम्प घ्या. कुणी म्हणतं, आधी डॅक बदला. कुणी सांगतं, बॅलन्स्ड केबलशिवाय मजाच नाही. हे सगळं ऐकलं तर हेडफोनपेक्षा त्याच्या शेजारी ठेवायच्या डब्यांवर जास्त पैसे जातात. खरं तर खोक्यावरचे दोन आकडे आणि थोडं शाळेतलं विज्ञान एवढ्यावर हा निर्णय घेता येतो.

प्लॅनर हेडफोन वेगळा कसा?

नेहमीच्या हेडफोनमध्ये एक छोटा स्पीकर असतो. पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या फटीत मागेपुढे हलतं. याला डायनॅमिक म्हणतात. प्लॅनरमध्ये वेटोळं नसतं. अतिशय पातळ फिल्मवर वीजवाहक पट्ट्या पसरलेल्या असतात आणि फिल्मच्या एका किंवा दोन्ही बाजूंना चुंबकांच्या रांगा असतात. वीज वाहू लागली की जवळजवळ सगळी फिल्म एकसारखी हलते.

ही कल्पना नवी नाही. यामाहाने १९७६ मध्ये ‘एचपी-१’ हा अशाच रचनेचा हेडफोन बाजारात आणला होता. या रचनेत बेस स्वच्छ येतो आणि आवाज फाटण्याचं प्रमाण कमी ठेवता येतं. किंमत मोजावी लागते ती ताकदीची. अनेक प्लॅनर हेडफोन तेवढ्याच आवाजासाठी जास्त वीज मागतात.

डॅक आणि अ‍ॅम्प नेमकं काय करतात?

फोनमधलं गाणं म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. त्या आकड्यांचं विद्युत संकेतात रूपांतर करतो तो डॅक. त्या संकेताला हेडफोन हलवण्याइतकी ताकद देतो तो अ‍ॅम्प. हेडफोन जॅक असलेल्या प्रत्येक फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये हे दोन्ही असतात. जॅक नसलेल्या फोनला जो बोटभर डोंगल लावतात, त्याच्या आतही बहुतेक वेळा डॅक आणि अ‍ॅम्प असतो.

आवाज कमी पडत असेल तर दोष बहुतेक वेळा ताकदीचा असतो, म्हणजे अ‍ॅम्पचा. डॅक बदलून तो जात नाही.

फक्त ओहम बघून फसगत का होते?

‘ओहम जास्त म्हणजे हेडफोन चालवायला कठीण’ हा सर्रास दिसणारा समज अर्धवट आहे. ओहममध्ये दिलेला इम्पीडन्स म्हणजे विजेला होणारा अडथळा. त्याच्या जोडीला सेन्सिटिव्हिटी बघावी लागते. एक मिलीवॉट वीज दिल्यावर किती डेसिबल आवाज येतो, ते हा आकडा सांगतो.

एचई४००एसईचंच उदाहरण घेऊ. इम्पीडन्स ३२ ओहम, सेन्सिटिव्हिटी ९१ डेसिबल. आरामात ऐकताना सरासरी आवाज ८० डेसिबलच्या आसपास असला, तरी तबल्याची थाप किंवा ऑर्केस्ट्राचा झंकार क्षणभर त्याच्या बराच वर जातो. म्हणून ११० डेसिबलपर्यंतची तयारी पुरेशी धरू.

९१ पासून ११० पर्यंत अंतर १९ डेसिबल. दर १० डेसिबलला १० पट वीज लागते आणि दर ३ डेसिबलला दुप्पट. १९ म्हणजे १० अधिक ९, म्हणून १० पट गुणिले ८ पट. उत्तर ८० मिलीवॉट. ३२ ओहमला एवढी वीज द्यायची तर साधारण १.६ व्होल्ट आणि ५० मिलीअँपिअर लागतात.

आता हाच हिशेब आणखी दोन प्लॅनर हेडफोनना लावून बघा.

• ऑडिझी एलसीडी-एक्स: २० ओहम, १०३ डेसिबल. लागणारी वीज फक्त ५ मिलीवॉट, म्हणजे सुमारे ०.३ व्होल्ट. साधा डोंगलही पुरतो.

• हायफायमॅन एचई-६: ५० ओहम, ८३.५ डेसिबल. लागणारी वीज जवळपास ४५० मिलीवॉट, म्हणजे ४.७ व्होल्ट. इथे टेबलावर ठेवायचा दमदार अ‍ॅम्पच हवा.

तिन्ही प्लॅनरच, पण भूक ५ मिलीवॉटपासून ४५० मिलीवॉटपर्यंत. एलसीडी-एक्स हा एचई४००एसईपेक्षा कितीतरी महाग, तरी चालवायला सोपा. त्यामुळे ‘प्लॅनर आहे, म्हणजे मोठा अ‍ॅम्प पाहिजेच’ हे सरसकट खरं नाही.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी एका मिलीवॉटला देतात, काही एका व्होल्टला. ३२ ओहमच्या हेडफोनला एक व्होल्ट म्हणजे सुमारे ३१ मिलीवॉट, त्यामुळे तोच ९१ चा हेडफोन दुसऱ्या मोजमापात १०६ चा दिसतो. दोन हेडफोनची तुलना करण्याआधी एकक बघा.

मग डोंगल पुरेल का?

एक व्होल्ट देणारा डोंगल एचई४००एसईला १०६ डेसिबलपर्यंत नेतो. बऱ्याच जणांना एवढं पुरतं. दोन व्होल्ट देणारा डोंगल ११२ पर्यंत जातो, म्हणजे गरज भागली. फक्त कमी ओहमच्या हेडफोनला तेवढा करंट पुरवण्याची क्षमता त्यात हवी. म्हणून जाहिरातीत नुसते व्होल्ट न बघता ‘३२ ओहमला किती मिलीवॉट’ हा आकडा शोधा.

इक्वलायझर वापरणाऱ्यांनी मात्र जास्त मोकळीक ठेवावी. प्लॅनरचा बेस इक्वलायझरने छान वाढवता येतो. पण ६ डेसिबल बेस वाढवला की त्या सुरांना चौपट वीज लागते. म्हणजे ८० मिलीवॉटची गरज ३२० वर आणि १.६ व्होल्टची ३.२ वर जाते. अशा वेळी टेबलावरचा अ‍ॅम्प घेण्याला खरं कारण मिळतं.

आउटपुट इम्पीडन्सची भीती किती खरी?

अ‍ॅम्पच्या आतही थोडा अडथळा असतो. डायनॅमिक हेडफोनचा इम्पीडन्स वेगवेगळ्या सुरांना बदलत असल्याने अशा अ‍ॅम्पवर त्याचा बेस फुगू शकतो. प्लॅनरचा इम्पीडन्स सगळ्या सुरांना जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे आवाजाचा पोत बदलत नाही.

ताकद मात्र वाया जाते. काही जुन्या म्युझिक सिस्टीमच्या हेडफोन जॅकला १२० ओहमचा अडथळा असायचा. त्याला २० ओहमचा प्लॅनर लावला तर हेडफोनपर्यंत व्होल्टेजचा जेमतेम सातवा भाग पोहोचतो. आजच्या चांगल्या अ‍ॅम्पमध्ये हा अडथळा एक-दोन ओहमच्या आत असतो.

बॅलन्स्ड केबल घ्यायची का?

४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकमध्ये प्रत्येक कानासाठी दोन अ‍ॅम्प उलटसुलट दिशेने काम करतात. त्यामुळे व्होल्टेज दुपटीपर्यंत आणि वीज चौपटीपर्यंत वाढू शकते. अ‍ॅम्पचा साधा जॅक कमी पडत असेल तर याचा उपयोग होतो. साध्या जॅकवर पुरेशी ताकद मिळत असेल तर बॅलन्स्ड केबलवर वेगळा खर्च करायची गरज नाही.

आणि डॅक?

सीडीचा दर्जा १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. त्यात सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबलचं असतं आणि माणसाच्या कानाच्या २० किलोहर्ट्झच्या मर्यादेपर्यंतचे सूर बसतात. आज नीट बनवलेले स्वस्त डॅकही हे काम बिनचूक करतात. डब्यावर कोणत्या कंपनीची चिप लिहिली आहे, त्यापेक्षा पूर्ण यंत्र कसं बनवलंय ते महत्त्वाचं.

वेगळा डॅक घ्यायला ठोस कारणं आहेत. लॅपटॉपच्या जॅकमधून खरखर किंवा गुणगुण येत असेल, फोनला जॅकच नसेल, किंवा घेतलेल्या अ‍ॅम्पला संकेत पुरवायचा असेल तर तो जरूर घ्यावा. बहुतेकांसाठी डॅक आणि अ‍ॅम्प एकत्र असलेलं एकच यंत्र सोयीचं ठरतं.

फरक खरा की भास?

दोन यंत्रांतलं एक जरी एखाद्या डेसिबलने मोठं वाजत असलं, तरी कानाला ते ‘जास्त चांगलं’ वाटतं. म्हणून तुलना करताना आवाज सारखा करून घ्या आणि कोणतं यंत्र चालू आहे हे न बघता ऐका. जमल्यास मित्राला अदलाबदल करायला सांगा. तरीही फरक ओळखता आला तरच पैसे खर्च करा.

ताकद हवी, पण कानही हवेत

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०. वर धरलेले ११० डेसिबल फक्त क्षणिक झंकारासाठी आहेत, सतत ऐकण्यासाठी नाहीत. दमदार अ‍ॅम्पला हाय गेनवर एखादा संवेदनशील इन-इअर चुकून जोडला तर कानाला इजा होऊ शकते. म्हणून जोडण्याआधी व्हॉल्यूम शून्यावर आणा आणि लो गेनपासून सुरुवात करा.

खर्चाचा क्रम सोपा आहे. बजेटचा मोठा वाटा हेडफोनला द्या. त्याची सेन्सिटिव्हिटी आणि ओहम बघून लागणारी वीज काढा. हातातल्या फोनवर किंवा डोंगलवर ती भागत असेल तर तिथेच थांबा. भागत नसेल तर अ‍ॅम्प घ्या. डॅकचा विचार सगळ्यात शेवटी.