लवणासुर आणि उल्का

अंबाजोगाईत दंतासुराची कथा ऐकतच आपण वाढलो. त्यामुळे लोणारचा लवणासुर आपल्याला परका नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आम्ही नुकतंच पुन्हा पाहून आलो.

कथा अशी, की जमिनीखाली लपलेल्या लवणासुराच्या बिळावरचं झाकण विष्णूनं पायानं उडवलं आणि त्याला मारलं. तळ्याचं पाणी म्हणजे त्याचं रक्त, मीठ म्हणजे मांस. कॉलेजात असताना आम्ही ‘हे सगळं खोटं’ म्हणून आजीला गप्प केलं होतं. तो आमचा उद्धटपणा. कथेनं प्रश्न अचूक विचारले होते: खड्डा कशानं पडला? पाणी खारं का?

कार्य दिसतं, कारण दिसत नाही. न्यायदर्शन याला अनुमान म्हणतं. विज्ञानही अनुमानच करतं, आणि चुकतंही. अनेक अभ्यासक हे विवर ज्वालामुखीचं मानत. मग तळात छिद्रं घेतली गेली. प्रचंड आघातानं काच झालेली खनिजं सापडली आणि १९७३च्या शोधनिबंधानं उल्कापात दाखवून दिला. खारेपणाचं कारणही साधं: पाण्याला बाहेर वाट नाही, वाफ उडते, क्षार मागे राहतात.

आइसलंडच्या लागारफ्ल्योत सरोवरातल्या महासर्पाची नोंद १३४५ची. तो अजूनही लोकांना ‘दिसतो’. नाही दिसला, तर तो खोल गेला म्हणायचं! फरक इथं आहे. ‘आपण चुकलो हे कशानं कळेल?’ याला उल्केच्या अनुमानाकडे उत्तर होतं, महासर्पाकडे नाही. आपल्या ठाम मतांनाही हाच प्रश्न विचारून बघा. आम्ही विचारतो, दर वेळी उत्तर मिळतंच असं नाही.